ऑनलाइन बँकिंग सुरू करताना : चूक झाली तरी खाते वाचेल अशी तयारी

फसवणूक झालेला ग्राहक शाखेत येतो तेव्हा त्याचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘मी काहीच केले नाही, पैसे आपोआप गेले.’ बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बरीच वर्षे काढल्यामुळे मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे, की ते ऐकल्याबरोबर खुर्ची पुढे सरकवून समोरच्याला आधी पाणी द्यायचे, ही सवयच लागून गेली होती. तो माणूस खोटे बोलत नसे. भाजी चिरताना, नातवाला शाळेतून आणताना किंवा दुकानात गिऱ्हाईक उभे असताना आलेल्या एका फोनवर आपण नेमके कोणते बटण दाबले, हे त्याला खरोखरच आठवत नसे.

म्हणूनच ‘सावध राहा’ एवढ्याच सल्ल्यावर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही. चोवीस तास कोणीही सावध राहू शकत नाही. मोबाइलवरून किंवा संगणकावरून पहिल्यांदाच बँकेचे व्यवहार सुरू करणाऱ्याने आपल्या हातून कधी तरी एक चूक होणार असे धरूनच चालावे आणि ती झाली तरी नुकसान थोडक्यात आटोपेल अशी खात्याची व्यवस्था आधी लावून घ्यावी. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी : साठवणीचे पैसे आणि खर्चाचे पैसे वेगळे ठेवा

निवृत्तीवेतन, पगार आणि मुदत ठेवी ज्या खात्याशी जोडलेल्या आहेत, तेच खाते यूपीआयला जोडून त्यावरूनच कोथिंबिरीचे दहा रुपये द्यायचे, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे आणि सर्वांत महाग पडणारी चूकही तीच आहे. रोजच्या व्यवहारांसाठी एक लहान बचत खाते वेगळे उघडावे, त्यात महिन्या-दोन महिन्यांच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवावी आणि यूपीआय, ऑनलाइन खरेदी, वीजबिल, गॅस हे सर्व त्याच खात्यातून करावे.

हे दुसरे खाते शक्यतो दुसऱ्या बँकेत असावे. त्याचे कारण ग्राहकांना सहसा कोणी सांगत नाही. एकाच बँकेतील तुमची सर्व खाती आणि ठेवी एकाच ग्राहक क्रमांकाखाली नोंदलेल्या असतात, त्यामुळे नेटबँकिंगचे एक नाव व एक पासवर्ड हाती लागला की चोराला बचत खात्याबरोबर पाच वर्षांची मुदत ठेवही त्याच पडद्यावर दिसते. अनेक बँकांत ती ठेव ऑनलाइन मोडता येते किंवा तिच्या तारणावर कर्जही उचलता येते, आणि त्यासाठी शाखेत पाऊलही ठेवावे लागत नाही. दुसऱ्या बँकेत खाते काढणे शक्य नसेल, तर मोठ्या रकमेच्या खात्यासाठी नेटबँकिंगचे फक्त पाहण्याचे अधिकार मागावेत. ही सोय पुष्कळ बँका देतात, मात्र अर्जावर तसे स्पष्ट लिहावे लागते. पती-पत्नीचे संयुक्त खाते ‘दोघांच्या सहीने’ चालवायचे ठरवले, तर अशा खात्यावर बहुतेक बँका ऑनलाइन पैसे काढण्याची मुभा देत नाहीत. एरवी जाचक वाटणारी ही अट साठवणीच्या खात्यावर मोठी उपयोगी पडते.

दुसरी पायरी : कार्डाची आणि यूपीआयची मर्यादा खाली आणा

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवे कार्ड हाती येते तेव्हा त्यावर देशातील एटीएम आणि दुकानातील यंत्र एवढेच चालू असते. ऑनलाइन खरेदी, परदेशातील व्यवहार आणि यंत्राला नुसते टेकवून पैसे देणे या गोष्टी ग्राहकाने स्वतः चालू करायच्या असतात. त्याआधीच्या काळापासून नूतनीकरण होत आलेल्या कार्डांवर मात्र काय चालू आहे आणि काय बंद आहे, हे ॲपमध्ये जाऊन एकदा डोळ्यांनी पाहावे. परदेशातील व्यवहार बंदच ठेवावेत. टेकवून पैसे देण्याच्या सोयीत ५,००० रुपयांपर्यंत पिन विचारला जात नाही, तेव्हा कार्ड हरवण्याची सवय असलेल्यांनी ती सोय न घेतलेली बरी.

यूपीआयची सर्वसाधारण दैनिक मर्यादा १ लाख रुपये आहे. दूध, किराणा आणि रिक्षा यांसाठी एवढी मर्यादा कोणालाच लागत नाही. बँकेच्या ॲपमध्ये ती कमी करता येत असेल, तर पाच-दहा हजारांवर आणून ठेवावी आणि कधी मोठी रक्कम द्यायची वेळ आली तर तेवढ्यापुरती वाढवावी. मर्यादा वाढवण्यात जी दोन मिनिटे जातात, त्या दोन मिनिटांत पुष्कळांना भानावर येताना मी पाहिले आहे.

तिसरी पायरी : मोबाइल क्रमांक ही तिजोरीची किल्ली समजा

बँकेत नोंदवलेला क्रमांक तुमचाच असला पाहिजे आणि तो चालू असला पाहिजे. मुलगा पुण्यात किंवा परदेशात आणि खात्याला क्रमांक त्याचा, अशी बरीच खाती आढळतात. पैसे कापले गेल्याचा संदेश अशा वेळी झोपलेल्या मुलाच्या फोनवर जातो आणि मौल्यवान तास वाया जातात. जुना क्रमांक सोडून दिला असेल, तर तो बँकेच्या नोंदीतून लगेच काढावा, कारण बंद झालेला क्रमांक दूरसंचार कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला देते आणि मग तुमचे ओटीपी, म्हणजे व्यवहाराला मंजुरी देणारे एकदाच चालणारे अंक, एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजू लागतात.

आसपासच्या सर्वांच्या फोनला रेंज असताना तुमच्याच फोनची रेंज गेली आणि ती परत येत नसेल, तर तुमच्या नावाने कोणी दुसरे सिम काढले असण्याची शक्यता असते. अशा वेळी शेजाऱ्याच्या फोनवरून आधी दूरसंचार कंपनीला आणि लगोलग बँकेला कळवावे. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर आपल्या नावावर एकूण किती क्रमांक चालू आहेत, हे पाहता येते.

‘तुमचे पार्सल आले आहे, पण पत्ता सापडत नाही, *४०१* आणि पुढे आमच्या माणसाचा नंबर लावा’ असा फोनही येतो. तो क्रमांक लावल्यावर तुमचे सर्व येणारे फोन चोराच्या क्रमांकावर वळू शकतात आणि फोनवर ऐकवला जाणारा ओटीपीही त्यालाच ऐकू जातो. असे काही लावले गेले असेल, तर ##००२# हा क्रमांक लावल्यावर वळवलेले सर्व फोन पूर्ववत होतात.

चौथी पायरी : ॲप कोठून घेतले आणि पत्ता कोणाचा, हे पाहा

बँकेचे ॲप फोनच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे आणि शक्य तर बँकेच्या संकेतस्थळावर दिलेल्या दुव्यावरून तेथे जावे. संकेतस्थळ खरे की खोटे हे ओळखणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर येण्यास सांगितले होते, आणि हा पत्ता परवानाधारक बँकांनाच मिळतो. पत्ता वाचताना डावीकडचे बँकेचे नाव पाहून समाधान मानू नये. सुरुवातीचे ‘https://’ सोडून पत्त्यातील पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधी काय लिहिले आहे, तेच पाहावे. बँकेचे नाव सुरुवातीला आणि शेवटी ‘डॉट केवायसी अपडेट डॉट कॉम’ असे काही असेल, तर ते संकेतस्थळ केवायसी अपडेट नावाच्या कोणा भामट्याचे आहे, बँकेचे नाही. जाता जाता एक गोष्ट नोंदवतो : पतसंस्था ही बँक नसते, त्यामुळे तिला हा पत्ता मिळत नाही आणि पुढे सांगितलेली रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याची) वाटही तिच्या ठेवीदारांना खुली नसते.

व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ नावाची, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी, फाइल कधीही उघडू नये. ती लग्नपत्रिकेच्या नावाने येते, आरटीओच्या चलनाच्या नावाने येते, वीजबिलाच्या किंवा बँकेच्या नावानेही येते, आणि अनेकदा ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून येते, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. खरी पत्रिका चित्र किंवा पीडीएफ म्हणून येते आणि ती पाहण्यासाठी फोनवर काहीही बसवावे लागत नाही. ही एपीके फाइल मात्र फोनमध्ये बसली की संदेश वाचण्याची परवानगी मागते आणि घाईत ‘ठीक आहे’ दाबणाऱ्याचे ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ लागतात. ‘मी ओटीपी कोणालाही सांगितला नाही’ असे शपथेवर सांगणाऱ्या कित्येकांचे म्हणणे यामुळेच शब्दशः खरे असते.

पासवर्ड आणि पिनबद्दल थोडक्यात सांगायचे, तर फोनचे कुलूप, यूपीआयचा पिन आणि एटीएमचा पिन हे तिन्ही वेगवेगळे असावेत आणि त्यांत जन्मसाल नसावे. यूपीआयसाठी सहा अंकी पिनची सोय असेल तर तोच घ्यावा. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवण्यास माझा विरोध नाही, कारण त्या कपाटापर्यंत मॉस्कोतला किंवा जामताऱ्यातला चोर पोहोचू शकत नाही. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो गॅलरीत ठेवणे किंवा ‘बँक पिन’ या नावाने संपर्क यादीत नोंद करणे मात्र आजच थांबवावे.

पाचवी पायरी : पिन टाकण्याआधी पडदा मोठ्याने वाचा

माझ्या मावशीला मोबाइल बँकिंग शिकवताना सर्वाधिक वेळ या पायरीवर गेला. ती निवृत्त शिक्षिका आहे, पण ओटीपीचा संदेश आल्यावर ती फक्त अंक शोधत असे आणि बाकीचा मजकूर डोळ्यांआड करत असे. मी तिला एक संदेश मोठ्याने वाचायला लावला. त्यात लिहिले होते, की अमुक इतके रुपये अमुक दुकानाला देण्यासाठीचा ओटीपी हा आहे, आणि शेवटी ‘कोणालाही सांगू नका’ असेही होते. ‘अगं, यात सगळंच लिहिलंय की!’ असे ती म्हणाली. सगळेच लिहिलेले असते. फोनवरचा माणूस ‘पैसे परत मिळवण्यासाठी ओटीपी सांगा’ म्हणत असतो आणि हातातल्या संदेशात त्याच वेळी ‘पैसे देण्यासाठी’ असे शब्द असतात. कानावर पडते आहे त्याहून डोळ्यांसमोर लिहिलेले अधिक विश्वासाचे आहे, एवढे नवख्याने पक्के ध्यानात धरले, तरी अर्धी लढाई जिंकल्यासारखे आहे.

यूपीआयचा पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. जुना सोफा विकायला काढल्यावर ‘मी लष्करात आहे, आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ असे सांगणारा गिऱ्हाईक भेटतो, तो याच अज्ञानावर पोट भरतो. दोन व्यक्तींमध्ये पैशाची मागणी पाठवण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, त्यामुळे फसवणुकीचा एक रस्ता बुजला, पण कोडचा रस्ता उघडाच आहे.

पैसे पाठवताना समोर येणारे नावही वाचावे. यूपीआयमध्ये आता खातेदाराचे बँकेत नोंदवलेले नाव दिसते, आणि एनईएफटी किंवा आरटीजीएस या एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या पद्धतींनी पैसे वर्ग करण्यापूर्वीही १ एप्रिल २०२५ पासून लाभार्थ्याचे नाव पडताळण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. हे महत्त्वाचे अशासाठी, की रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावर. तुम्ही नाव ‘जोशी’ लिहिले आणि खाते क्रमांकाचा एक अंक चुकला, तर पैसे त्या चुकीच्या क्रमांकाच्या मालकाकडे जातात आणि परत मिळवणे त्याच्या मर्जीवर येऊन ठेपते. नवीन खात्यावर आधी एक रुपया पाठवून, पोहोचल्याचे विचारून, मग उरलेली रक्कम पाठवणाऱ्यांना कोणी चिकित्सक म्हणाले तरी चालेल.

‘चुकून तुमच्या खात्यात वीस हजार आले आहेत, परत करा’ असा फोन आल्यास संदेश पाहून हिशेब करू नये. ॲप उघडून किंवा पासबुक भरून शिल्लक पाहावी. दहा अंकी साध्या मोबाइल क्रमांकावरून आलेला ‘जमा’ संदेश बँकेचा नसतो.

सहावी पायरी : फोन तोडायला शिका

आपल्याकडे समोरचा बोलत असताना फोन ठेवणे उद्धटपणाचे मानले जाते आणि भामट्यांना आपली ही भिडस्त वृत्ती पुरती ठाऊक आहे. ‘काकू, घाबरू नका, मी तुमच्या मुलासारखाच आहे’ अशी सुरुवात करणारा माणूस पाच मिनिटांत ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ किंवा ‘केवायसी न केल्यास खाते गोठवले जाईल’ इथवर येतो. त्यासाठी एक वाक्य तयार ठेवावे : ‘मी शाखेत येऊन बोलते.’ एवढे बोलून फोन ठेवावा आणि कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक स्वतः लावावा. बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये, कारण शोधात वर दिसणारे ‘ग्राहक सेवा’ क्रमांक पुष्कळदा चोरांनीच पेरलेले असतात. बँकांनी ग्राहकांना करायच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिलेले आहेत. तरीही फोन कोठूनही आलेला असो, त्यावर पिन, ओटीपी किंवा कार्डामागचे तीन अंक सांगायचे नाहीत, हा नियम बदलत नाही.

मदतीच्या नावाखाली फोनचा पडदा समोरच्याला दाखवणारे ॲप घ्यायला सांगितले, किंवा व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवायला सांगितला, तर बोलणे तेथेच संपवावे. पडदा दिसू लागल्यावर ओटीपी विचारण्याचीही गरज उरत नाही.

‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरूनच केलेली अटक, असे काहीही भारतीय कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे जाहीरपणे सांगितले, तरीही गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर दिसला की सुशिक्षित घरांतही दारे लावून घेतली जातात आणि ठेवी मोडल्या जातात. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय ‘तपासणीसाठी’ पैसे कोणत्याही खात्यात भरायला सांगत नाहीत. असा फोन आल्यावर ‘कोणाला सांगू नका’ ही अट घातली जाते, तेव्हा ती मोडून पहिला शब्द घरातल्या माणसाशी किंवा शेजाऱ्याशी बोलावा.

सातवी पायरी : पैसे गेले, तर पहिल्या तासात काय करावे

फोनमध्ये संशयास्पद ॲप बसले असेल, तर फोनचे इंटरनेट बंद करावे आणि पुढचे सर्व फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करावेत. फोन लगेच कोरा करू नये, त्यात पुरावा असतो. सर्वप्रथम १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे आणि त्याच दमात बँकेला कळवून कार्ड, यूपीआय व नेटबँकिंग बंद करून घ्यावे. १९३० वर नोंद झाली की पैसे ज्या-ज्या बँकांतून पुढे गेले त्यांना सूचना जाते आणि रक्कम अजून एखाद्या खात्यात पडून असेल तर ती तेथेच अडवता येते. चोर मात्र ती काही मिनिटांत भाड्याने घेतलेल्या अनेक खात्यांतून फिरवतात, म्हणून ‘संध्याकाळी मुलगा आल्यावर बघू’ हे चालत नाही. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम आणि संदेशांची छायाचित्रे हाताशी ठेवावीत.

बँकेला फोनवर कळवले तरी लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी, त्यावर वेळ लिहून घ्यावी. याचे कारण रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या नियमांत आहे. दोष बँकेचा असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तो मधल्या यंत्रणेत कोठे तरी आहे, असे असेल, तर संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास जबाबदारी शून्यच राहते. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले, तर ती मर्यादित होते आणि सर्वसाधारण बचत खात्यासाठी दर व्यवहारामागे कमाल १०,००० रुपये धरली जाते. ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, पण कळवल्यानंतर जे काही जाईल ते बँकेचे. तक्रारीवरची वेळ म्हणूनच पैशाइतकी मोलाची आहे. हे नियम वेळोवेळी सुधारले जातात, तेव्हा आपल्या बँकेचे चालू धोरण तिच्या संकेतस्थळावरून किंवा शाखेतून मागून घ्यावे.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

पैसे गेल्यानंतरच्या आठवड्यात आणखी एक फोन येण्याची शक्यता असते, आणि त्याबद्दल फार थोडे लोक बोलतात. ‘आम्ही सायबर विभागातून बोलतो, तुमची रक्कम सापडली आहे, ती सोडवण्यासाठी अमुक टक्के शुल्क भरा’ असे सांगणारा माणूस पहिल्याच टोळीचा असतो, किंवा त्या टोळीकडून तुमचे नाव विकत घेतलेला असतो. रक्कम परत मिळते तेव्हा ती तुमच्याच खात्यात जमा होते आणि त्यासाठी आधी कोणाला काही द्यावे लागत नाही. मावशीच्या फोनच्या कव्हरमध्ये आता एक चिठ्ठी आहे. तिच्यावर १९३०, कार्डामागचा क्रमांक आणि शाखेचा दूरध्वनी असे तीन क्रमांक तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलेले आहेत, आणि चौथ्या ओळीत फक्त एवढेच : ‘आधी वाच.’